हप्ता कुणी भरला?

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती मुंबईत अर्थशास्त्रात एमए करते, त्यामुळे साडेदहा म्हणजे तिची दुपार. "आत्या, शिरापूर म्हणजे आपलं मोहोळजवळचंच ना गं?"

गावाकडच्या माणसाचा रात्री फोन आला की मी आधी "कोण गेलं?" असं विचारते. तेच विचारलं.

"कुणी गेलं नाही. शिरापूर इकॉनोमेट्रिकात आहे."

इकॉनोमेट्रिका हे अर्थशास्त्रातलं सगळ्यात सोवळं नियतकालिक, असं तिने मला मग समजावलं. त्यात १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड नावाच्या माणसाचा लेख आला. तेव्हा ते शिकागोला शिकवत होते, आता एमआयटीत असतात. लेखाचा विषय हिंदुस्थानातल्या खेड्यांमधली जोखीम आणि विमा. त्यासाठी घेतलेली गावं तीन: तेव्हाच्या आंध्रातलं औरेपल्ली, अकोल्याकडचं कंझरा आणि आमच्या मोहोळ तालुक्यातलं शिरापूर.

आमचं गाव तिथून सायकलवर तासाभराचं. शिरापूर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे खोल, काळं रान येतं. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, ओल मुरू द्यायची, हस्ताकडे डोळे लावायचे आणि मग मालदांडी ज्वारी पेरायची. देशभर पेरलं जाणारं मालदांडीचं एम ३५-१ हे वाणसुद्धा मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडलेलं. एवढ्यावर आमच्या तालुक्याची कीर्ती संपते असं मी समजत होते. मी पुण्यात एका कारखान्याचे हिशेब बघते. अर्थशास्त्राशी माझा संबंध जमा आणि नावे एवढाच. पण भाचीने लेख पाठवला आणि पुढचे दोन महिने आम्ही दोघी रविवारी फोनवर तो वाचत बसलो. गणित तिने सांगायचं, गाव मी.

आधी आकडे कुठून आले ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच वाटलं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिने १९७५ साली सहा गावं निवडली. शिरापूर आणि उत्तर सोलापूरमधलं कळमण, अकोल्याकडचं कंझरा आणि किनखेडा, महबूबनगरमधलं औरेपल्ली आणि डोकूर. प्रत्येक गावात ४० घरं: १० भूमिहीन मजुरांची, बाकी लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचा माणूस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्या घरांच्या उंबऱ्यावर जायचा. काय पेरलं, किती दिवस मजुरीला गेला, कोण आजारी पडलं, काय विकलं, काय उसनं आणलं. हे दहा वर्षं चाललं. मी कारखान्यातल्या माणसांकडून महिन्याची प्रवासबिलं वेळेवर मिळवू शकत नाही. आणि इथे कुणीतरी दहा वर्षं बायाबापड्यांना ज्वारी किती शिल्लक आहे ते विचारत होतं, आणि त्या सांगत होत्या.

टाउनसेंड यांचा प्रश्न मला भाचीने दोनदा सांगितला, तिसऱ्यांदा मी तो माझ्या भाषेत करून घेतला. समजा, सगळ्या गावाने आपापली रास एकाच खळ्यावर ओतली आणि ठरलेल्या वाट्याने वाटून घेतली. मग माझ्या घरची भाकरी गावाच्या राशीबरोबर लहानमोठी होईल. माझा बैल मेला, माझा नवरा महिनाभर तापाने पडला, माझ्याच रानात टोळ उतरली, म्हणून एकट्या माझी भाकरी लहान होणार नाही. प्रत्यक्षात असं कुठलं गाव करतं? कुठलंच नाही. पण वेगवेगळ्या वाटांनी, उसनवारी, उधारी, उचल, नातं, सावकार, या सगळ्यांतून शेवटी परिणाम तसाच होतो का? हे आकड्यांवरून ताडून बघता येतं. त्यांनी ते बघितलं.

उत्तर असं आलं की पूर्ण विम्याचं गणित तंतोतंत जुळत नाही, पण आश्चर्य वाटावं इतकं जवळ जातं. गावाचा सरासरी खर्च वरखाली होतो तसा घराचा होतो. तो हिशेबात धरला, की घराची स्वतःची त्या वर्षीची कमाई, आजारपण, मजुरी न मिळणं यांचा ताटावर फारसा परिणाम उरत नाही. तीनपैकी एका गावात भूमिहीन मात्र शेजाऱ्यांइतके सांभाळले गेले नव्हते.

हे वाचून मला आधी अभिमान वाटला. बघा, आमची माणसं. मग पाचेक मिनिटांत चीड आली. गाव म्हणजे काही संतांचा मेळा नव्हता. आमच्या गल्लीत आजारी माणसाच्या घरी पीठ जायचं हे खरं. पण ते पीठ कुणी दिलं, किती दिलं आणि सुगीला त्या घरची बाई कुणाच्या रानात खुरपायला गेली, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ असायचं. वहीत नव्हतं म्हणून ते फुकट नव्हतं. ताट भरलेलं राहिलं एवढं आकडे सांगतात. ताट भरायला कोण कुणापुढे वाकलं, ते त्या रकान्यांत मावत नाही.

टाउनसेंड यांना मी दोष देत नाहीये. त्यांनी परिणाम तपासला, वाट कोणती हे या लेखात सांगण्याचा दावाच केला नाही. आणि त्यांची उलटतपासणीही झाली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी १९९७ साली त्याच नियतकालिकात दाखवलं, की खर्चाचा आकडा ज्या रीतीने काढलाय त्या रीतीतच गडबड आहे. तो वेगळ्या रीतीने धरला तर माणसाच्या स्वतःच्या कमाईचा ताटावरचा परिणाम जास्त दिसतो. हिशेबनीस म्हणून मला हे वाचून बरं वाटलं. रीत बदलली की नफ्याचा तोटा होतो हे आम्ही दर मार्चला बघतो.

पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच एका लेखात. तोही त्याच इक्रिसॅटच्या वह्यांवरचा, मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांचा, १९८९ चा. त्यांनी विचारलं, या गावांमधल्या लेकी इतक्या लांब का दिल्या जातात? आपण म्हणतो स्थळ आलं, योग जुळला. त्यांना दिसलं ते असं: ज्या घरांचं शेतीचं उत्पन्न जास्त डळमळीत, त्या घरांनी लग्नं जास्त लांब केली होती. कारण लांबच्या गावाचा पाऊस वेगळा असतो. इथे दुष्काळ पडला तर तिथेही त्याच वर्षी पडेल असं नाही. आणि अशा सोयरिकी असलेल्या घरांमधलं खाणंपिणं वाईट वर्षांतही कमी हेलकावे खात होतं.

भाची वाचत होती आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. माझ्या आत्याला १९६८ साली दिलं ते वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. मोहोळहून पंढरपूर, पंढरपूरहून सांगली, सांगलीहून पुढे. तीन एसट्या आणि एक दिवस. आजोबांना लोकांनी नावं ठेवली होती. बार्शीचं स्थळ होतं, माढ्याचं होतं. पोरगी इतकी लांब कशाला टाकतोस? आजोबा म्हणायचे, "तिथं नदी हाय." आम्ही पोरं हे वाक्य चेष्टेने म्हणायचो. कुणी लांबच्या कॉलेजात प्रवेश घेतला की, तिथं नदी हाय.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा जन्मलेली नव्हते, पण आमच्या घरात तो इतक्या वेळा सांगितला गेलाय की मला तो आठवतो. आजी खडी फोडायला जायची, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खायची. गावातली बैलं विकली जात होती. सगळेच विकायला निघाले की भाव काय येणार? सांगोल्याच्या बाजारात खिल्लार जोडी कवडीमोलाने जायची आणि बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर कशाने ओढायचा? याच्यावरही इक्रिसॅटच्या गावांच्या आकड्यांचा अभ्यास आहे, रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांचा १९९३ चा. वाईट वर्षी शेतकरी बैल विकून खातो. त्यामुळे पुढे शेतीला लागतात तितके बैल त्याच्याकडे कधीच साठत नाहीत.

आजोबांनी बैल विकले नाहीत. धाकटे चुलते तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. ते जोडी घेऊन पायी निघाले आणि सहाव्या दिवशी आत्याच्या दारात पोचले. कृष्णाकाठी ऊस होता, उसाचं वाढं होतं. बैल तिथे पावसाळ्यापर्यंत राहिले. पाऊस पडल्यावर परत चालत आले आणि आमची पेरणी वेळेवर झाली. एवढंच नाही, गल्लीतल्या चार घरांची पेरणीही त्याच बैलांनी झाली. फुकट नव्हे. पैरा नावाचा प्रकार असतो, बैलाच्या दिवसाला माणसाचे दिवस. त्या वर्षी आमच्या रानातली काढणी फार स्वस्तात झाली, असं वडील जरा जास्तच समाधानाने सांगायचे. त्या चार घरांच्या लेकी जवळच दिलेल्या होत्या.

आत्या आता पंचाहत्तरीची आहे. मी तिला फोन करून हे सगळं सांगितलं. अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी शोधून काढलंय, की लांब दिलेली लेक म्हणजे माहेरचा विमा.

ती आधी हसली. मग म्हणाली, "विमा व्हय? मग हप्ता कुणी भरला गं?"

मी काही बोलले नाही.

"बैलं मायंदाळ खात्यात. वाढ्याच्या एकेका भाऱ्यामागं सासूचं एकेक वाक्य. चार म्हैनं. मोज तूच, हिशेब करतीस न्हवं."

रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांच्या लेखात पावसाचे आकडे आहेत, अंतराचे आहेत, धान्याचे आहेत. सासूचं वाक्य कुठल्या मापाने मोजायचं ते मला भाचीला विचारायचं होतं, पण ती म्हणाली परीक्षेला हे येणार नाही.

मात्र हा विमा एकतर्फी नव्हता, हेही आत्यानेच सांगितलं. तिच्या दिराच्या ऑपरेशनला आजोबांनी माळाचा तुकडा गहाण टाकला होता. आम्हाला घरात हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि २०१९ च्या ऑगस्टचं तर माझ्या डोळ्यांसमोरचं. कृष्णेला महापूर, सांगली-कोल्हापूर पाण्याखाली, आणि त्याच महिन्यात सोलापूर जिल्ह्यात जनावरं चारा छावणीत. एवढं विरुद्ध हवामान दीड-दोनशे किलोमीटरवर. सासरच्या घरात पाणी शिरलं म्हणून आत्या माहेरी आली, तर माहेरचं पाणी टँकरचं. ती तीन आठवडे राहिली. दादाने तिच्या घरासाठी ज्वारीची पोती टेंपोत टाकून पाठवली. गावातल्या चारा-छावणीत बसून आत्या बायकांना पूर कसा दिसतो ते सांगायची आणि बायका तिच्याकडे श्रीमंताच्या सुनेकडे बघावं तशा बघायच्या. एवढं पाणी!

आजोबांचं रान चार ठिकाणी होतं. एक तुकडा ओढ्याकाठी, दोन काळ्या रानात, एक माळावर. मी लहान असताना वाटायचं, हे किती गबाळं. चालून चालून पाय मोडायचे. सरकारलाही तसंच वाटत होतं, १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा त्यासाठीच. पण टाउनसेंड यांनी मध्ययुगीन युरोपातल्या खेड्यांवरही एक पुस्तक लिहिलंय, १९९३ साली. तिथल्या शेतकऱ्यांचं रानही गावभर पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेलं असायचं, आणि त्यात जोखीम वाटून टाकण्याची सोय होती या बाजूने ते त्याच्याकडे बघतात. एका पट्ट्यात पाणी साचलं तरी दुसरा वाचतो. आजोबांना हे इंग्लंडातून शिकायची गरज नव्हती. ओल्या वर्षी माळ पिकायचा, कोरड्या वर्षी ओढ्याकाठ. मग वडिलांनी आणि चुलत्यांनी वाटण्या करताना "सलग घेऊ" म्हणून अदलाबदल केली. दादाचं रान आता सलग, सपाट आणि सगळं एकाच ढगाखाली आहे.

गरीब शेतकरी भित्रा असतो म्हणून गरीब राहतो, असं शहरातली माणसं मला फार सहज ऐकवतात. त्यांच्यासाठी हान्स बिन्सवांगर यांचा १९८० चा लेख आहे. त्यांनी महाराष्ट्र-आंध्रातल्या खेड्यांमध्ये लोकांना खरे पैसे लावून छापा-काटा खेळायला दिला. आधी ५० पैशांचा डाव, मग ५ रुपयांचा, मग ५० चा. मोठ्या डावात जास्तीत जास्त हाती येऊ शकणारी रक्कम म्हणजे तेव्हा मजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त. डाव मोठा झाला तसे बहुतेक सगळेच जपून खेळू लागले, गरीबही आणि पैसेवालेही, जवळपास सारखेच. म्हणजे स्वभाव सारखाच. पण शेतात तेच लोक सारखे वागत नाहीत. याच बिन्सवांगर यांनी पुढे १९९३ मध्ये रोझेनझ्वाइग यांच्यासोबत मांडलं, की पावसाच्या वेळेची अनिश्चितता एका ठरावीक मापाने वाढली तर सगळ्यात गरीब चौथाईचा शेतीतला नफा ३५ टक्क्यांनी घटतो. वरच्या चौथाईला फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. गरीब माणूस पडलो तर उचलायला कुणी नाही म्हणून कमी पैसे देणारं पण हमखास येणारं पीक घेतो. हा हप्ताच. फक्त पावती मिळत नाही.

आणि सगळ्या गावाचंच रान वाळलं तर गाव गावाला काय उचलणार? खळ्यावर रासच नाही, तर वाटे कशाचे पाडायचे. टाउनसेंड यांचं गणित तिथे हात टेकतं, आणि तिथे आमच्या राज्याने केलेली एक गोष्ट आठवते, रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली, बहात्तरच्या दुष्काळात पसरलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क झालेली. आजी तिला "हमीवर जाणं" म्हणायची. त्या पैशाला कुणाची सासू काही बोलत नव्हती, हे मी आत्याचा फोन झाल्यावर पहिल्यांदा लक्षात घेतलं.

टाउनसेंड पुढे थायलंडला गेले. १९९७ च्या मेमध्ये तिथल्या खेड्यांमध्ये घरोघर पाहणी केली आणि जुलैत तिथलं चलन, बाहत, कोसळलं. कुणाचं नशीब कशात असतं! ती पाहणी मग वर्षानुवर्षं चालू राहिली. आणि मध्येच ते परत आमच्या बाजूला आले. २००३ पासून महबूबनगरमध्ये पावसाचा विमा विकला जाऊ लागला होता. पर्जन्यमापकात ठरल्यापेक्षा कमी मिलिमीटर पडले की पैसे, पंचनाम्याची भानगड नाही. कागदावर इतकं सुंदर, की रांगा लागायला हव्यात. झेवियर जिने, जेम्स व्हिकरी आणि टाउनसेंड यांना उलटंच दिसलं. घेणारे थोडे, आणि जे जास्त जपून वागणारे, म्हणजे ज्यांनी विमा आधी घ्यायचा, तेच घेत नव्हते. न घेणाऱ्यांचं एक मोठं कारण होतं, कळलं नाही. विकणारी संस्था ज्यांच्या ओळखीची होती ते जास्त घेत होते. या नव्या कागदाकडे शेतकरी विमा म्हणून नाही, आणखी एक जुगार म्हणून बघत असावेत.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बरोबर बघत व्हते." त्याची दोन एकर डाळिंबाची बाग आहे, हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवलेला. तीन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, फळं तडकली, पुढे तेल्या रोग आला. हवामानाचं यंत्र महसूल मंडळाच्या गावात, नऊ किलोमीटरवर. तिथे त्या दिवशी रस्तासुद्धा ओला झाला नव्हता. कंपनीच्या कचेरीतला पोरगा नम्र होता. "काका, यंत्रात आलेलं नाही." दादा म्हणाला, यंत्राला डाळिंब नाही, मला आहे. पोराने ते लिहून घेतलं नाही.

आत्याला सहा दिवस चालत बैल पाठवले तर तिने यंत्र बघितलं नव्हतं.

असं लिहून मी ते खोडणार होते, कारण त्यातून जुनं ते सोनं असा सूर निघतो आणि मला तो नकोय. दादाची मुलगी, हीच भाची, उद्या लग्न करेल तेव्हा तिच्या सासरच्या पर्जन्यमानाची चौकशी कुणी केली तर मी भांडेन. दादाला नऊ किलोमीटरवरचं यंत्र बांधावर आणून हवंय, त्याला बहीण विम्यात धरायची नाहीये. तरीही मागच्या वर्षी त्याची बाग गेली तेव्हा बँकेचा हप्ता मीच भरला, रात्री अकराला, फोनवरून, तीस सेकंदांत. माझा नवरा काही बोलला नाही. काही न बोलण्याचेही प्रकार असतात.

डिसेंबरात भाचीला तिच्या अभ्यासासाठी एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. ती आणि मी आत्याकडे गेलो. बेचाळीस प्रश्न, कुटुंबाची माहिती, जमीन, कर्ज. आत्या ओट्यावर पाय पसरून बसली. गुऱ्हाळाचा वास येत होता. पहिली तीन उत्तरं तिने सरळ दिली.

"आत्याआजी, अडीअडचणीला पैसा कुठून येतो? मुख्य स्रोत?"

"लिव, म्हायेर."

भाचीने लिहिलं. आत्याने मान वाकडी करून कागदाकडे बघितलं, तिला वाचता येत नाही, पण बघितलं.

"नगं, खोड ते," ती म्हणाली. "मामंजींचं नाव लिव. न्हाईतर रागावतील."

मामंजींना जाऊन तीस वर्षं झालीत. भाचीने खोडलं.